कॉर्नेट ते बॅटन : बडोद्यातल्या बँडमधली माझी चाळीस वर्षं

काळी_पाच

मागच्या आठवड्यात इथेच कुणीतरी विचारलं होतं, "मुलगी अकरा वर्षांची आहे, ट्रम्पेट शिकायचा म्हणते, बडोद्यात कुणी शिकवतं का?" त्याखाली पहिलाच प्रतिसाद आला, "मुलीच्या फुप्फुसाला झेपणार नाही, व्हायोलिन लावा." लिहिणाऱ्याने काळजीपोटीच लिहिलं असेल. पण हे वाक्य मी १९८४ साली ऐकलंय, १९९१ साली वेगळ्या शब्दांत ऐकलंय आणि परवा परत वाचलं. म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

मी दांडिया बाजारातल्या एका वाड्यात वाढले. बाबा रविवारी कामाटी बागेत न्यायचे. तिथला बँडस्टँड दाखवून म्हणायचे, इथे सरकारी बँड वाजायचा, लोक गवतावर बसून ऐकायचे. मी ते कधी पाहिलं नाही. पण त्या रिकाम्या गोल चौथऱ्यावर चढून हात हलवायचा खेळ मी खूप खेळले.

सातवीत असताना शाळेत बँड सुरू झाला. शिकवायला लष्करातून निवृत्त झालेले बँडमास्तर होते, पचमढीला तयार झालेले. तेव्हाची वाटणी अशी होती: मुलांना बिगुल, कॉर्नेट (ट्रम्पेटचा आखूड भाऊ), युफोनियम (मोठा, खालच्या सुराचा पितळी बाजा), मुलींना साइड ड्रम, झांजा, ट्रँगल. कुणी ठरवलं असं नाही, सगळ्यांना तेच बरोबर वाटायचं. मी तीन महिने साइड ड्रम वाजवला. पंधरा ऑगस्ट दहा दिवसांवर आला आणि पहिल्या कॉर्नेटवाल्या मुलाला गालगुंड झाले. गाल टम्म, तोंड उघडेना. सरांनी रांगेवरून नजर फिरवली आणि मला म्हणाले, "तू रोज त्याच्या बाजूला उभी असतेस, चाल पाठ असेल. ये." एका बाईंनी लगेच सांगितलं, "सर, मुलीच्या छातीला बरं नाही ते." सर म्हणाले, "छाती नाही लागत, ओठ लागतात."

त्यांनी मला वाद्य दिलंच नाही. फक्त माउथपीस, म्हणजे ओठांना लावायचा सुटा भाग, दिला, रुमालात गुंडाळून, आणि म्हणाले दोन दिवस याच्यातच फुंक. फुंक म्हणजे हवा सोडणं नव्हे. ओठ मिटायचे, कडा घट्ट, मधे सैल, आणि हवेने ओठ थरथरवायचे. तान्हं बाळ फुर्रर्र करतं ना, तेच, पण सूर धरून. मी न्हाणीघरात बसून करायचे. पहिल्या दिवशी नुसता वाफेसारखा आवाज. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अचानक माशी बाटलीत अडकावी तसा बारीक, खणखणीत आवाज निघाला आणि ओठांना मुंग्या आल्या. आई बाहेरून म्हणाली, "काय गं, नळ गेला का?" तिसऱ्या दिवशी तोच माउथपीस कॉर्नेटला लावला आणि वाद्य बोललं. तो क्षण अजून ओठांवर आहे.

पंधरा ऑगस्टला मी वाजवला. गालगुंडवाला मुलगा बरा होऊन आला तेव्हा सरांनी त्याला दुसरा कॉर्नेट दिला, मला पहिल्यावरच ठेवलं.

पुढचं रात्री लिहिते, आता शाळेत तालीम आहे.

दांडियाबाजार

ताई, कुठला वाडा? आमच्या गच्चीवर १९८५-८६ च्या सुमारास रोज संध्याकाळी सहाला बाजा ऐकू यायचा. आजी म्हणायची, सहा वाजले, दिवा लावा.

काळी_पाच

मीच ती! गच्चीवर सहा ते साडेसहा एवढीच परवानगी होती, त्यातही तोंडात जुना टॉवेल कोंबून. माझ्या नाही, बाज्याच्या. वाड्यातल्या बिऱ्हाडांनी तो अर्धा तास सहा वर्षं सहन केली, हे मला फार मोठं वाटतं. ओठांचे स्नायू फार लहान असतात, दोन दिवस सोडलं की ढिले पडतात. ज्या घरात मुलीला रोज अर्धा तास आवाज करायची मुभा नाही, तिथे फुप्फुस कितीही मोठं असलं तरी ट्रम्पेट होत नाही. माझ्या चाळीस वर्षांत ज्या मुली सुटल्या त्या दमामुळे सुटल्या नाहीत, जागेमुळे सुटल्या. परीक्षा आली, पाहुणे आले, खालच्यांना त्रास होतो, आता मोठी झालीस. त्याच घरातल्या भावाचा तबला चालू राहिला.

छातीचा_डॉक्टर

वैद्यकीय बाजू थोडक्यात. सरासरीने पुरुषांची फुप्फुसं मोठी असतात, काही अंशी उंचीमुळे. पण ट्रम्पेट किंवा कॉर्नेटला हवा कमी आणि दाब जास्त लागतो. ट्यूबाला, म्हणजे सगळ्यात मोठ्या पितळी बाज्याला, उलट, हवा भरपूर आणि दाब कमी. कॉर्नेटवाल्याचा त्रास बहुतेकदा हवा उरण्याचा असतो, संपण्याचा नाही. दाब देण्याचं काम पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू करतात, ते सरावाने तयार होतात. दमा नियंत्रणात असलेली मुलंही वाजवतात, आपल्या डॉक्टरला विचारून. "मुलीला झेपणार नाही" याला आधार नाही.

काळी_पाच

धन्यवाद डॉक्टर. आणि ट्यूबाचं म्हणाल तर कॅरोल यान्च नावाची मुलगी २००६ साली फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राची मुख्य ट्यूबावादक झाली, तेव्हा ती अजून शिकतच होती. सगळ्यात जास्त हवा खाणारं वाद्य तेच.

आता १९९१ चं सांगते. कोणत्या संस्थेत, ते लिहिणार नाही. बी.कॉम. चालू होतं. एका ठिकाणी बँडमध्ये जागा निघाली, जाहिरातीत "पुरुष" असं लिहिलं नव्हतं. मी गेले. वाजवलं. घेणाऱ्यांनी कागदावरची चाल बदलून दोनदा वाजवून घेतलं, एकाने मान डोलावली. मग बाहेर बसवलं. तासाने कारकून येऊन म्हणाला, "ताई, बायकांचा गणवेश नाहीये आमच्याकडे." दुसरं काही कारण दिलं नाही. मी कॉर्नेटची पेटी सायकलच्या कॅरियरला बांधली, सूरसागर तलावाच्या पाळीवर येऊन बसले आणि अंधार पडेपर्यंत घरी गेले नाही.

पुष्कळ वर्षांनी मला ॲबी कोनंटची गोष्ट कळली. अमेरिकन ट्रॉम्बोनवादक. १९८० साली म्युनिक फिलहार्मोनिकने मुख्य ट्रॉम्बोनसाठी उमेदवार बोलावले. तिला आलेल्या पत्रावर "श्रीयुत" लिहिलेलं होतं. ३३ उमेदवार होते, सगळ्यांनी पडद्याआडून वाजवलं, ही सोळावी. ऐकणाऱ्यांना तीच हवी होती. पडदा सरला आणि बाई दिसली. तिला घेतलं खरं, पण १९८२ मध्ये दुसऱ्या ट्रॉम्बोनवर उतरवलं. म्हणे मुख्य ट्रॉम्बोनला पुरुष हवा. तिने कोर्टात जाऊन छातीची तपासणीसुद्धा करून दिली. मुख्य जागा आणि बरोबरीच्या पुरुषांइतका पगार मिळेपर्यंत १९९३ उजाडलं. तेरा वर्षं. वाचून मला सूरसागरची ती संध्याकाळ आठवली आणि पहिल्यांदा असं वाटलं की तिथे मी एकटी बसले नव्हते.

रामबाग_इंदूर

वाचतोय, फार आतून लिहिताय ताई. पचमढीचा उल्लेख आला म्हणून सांगतो, लष्कराचं संगीताचं शिक्षणकेंद्र तिथेच आहे, १९५० साली जनरल करिअप्पांच्या पुढाकाराने सुरू झालं. आमचे एक शेजारी तिथून शिकून आलेले. घरात चहाचा कप ठेवतानासुद्धा ताल धरायचे.

एक विचारू का? पोलीस-लष्कराच्या बँडमध्ये परदेशात बायकांची काय परिस्थिती आहे? आपल्याकडे २०२४ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची सुरुवात शंख, नादस्वरम, नगारे वाजवणाऱ्या शंभराहून जास्त बायकांनी केली, ते टीव्हीवर पाहून आमच्या आईने टाळ्या वाजवल्या.

काळी_पाच

दादा, अमेरिकेतला मरीन बँड १७९८ चा आहे. त्यात पहिली स्त्री आली १९७३ साली, फ्रेंच हॉर्न वाजवणारी. पावणेदोनशे वर्षं! त्याच १९७३ च्या सुमारास सुझन स्लॉटर सेंट लुई सिंफनीची मुख्य ट्रम्पेटवादक झाली आणि पुढे तिने ब्रास (पितळी वाद्यं) वाजवणाऱ्या बायकांची जागतिक परिषद सुरू केली. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने तर १९९७ पर्यंत बाईला सभासद करून घेतलं नव्हतं. उलट साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या बँडमध्ये बायका आधीपासून वाजवत होत्या. मेझी रिंगम त्यातूनच आली आणि १९४० च्या दशकात मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्राची मुख्य ट्रॉम्बोन झाली. युद्ध चालू होतं, पुरुष आघाडीवर होते. पुरुष नसले की बायकांची फुप्फुसं पुरतात, एवढं त्या वर्षांनी दाखवून दिलं.

मांडवीकर

ताई, तुमचं सगळं वाचलं. माझ्या आजोबांचा बँड होता, ते क्लॅरिनेट वाजवायचे, वडील ट्रम्पेट. मी दुकान चालवतो, बँड नाही. थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका.

शाळेचा बँड वेगळा आणि लग्नाचा वेगळा. आमचा धंदा तुळशीच्या लग्नानंतर सुरू व्हायचा, मधे कमूर्ता (लग्नं न लागण्याचा महिना) आला की महिनाभर बंद, मग उत्तरायणानंतर परत, आणि आषाढात चातुर्मास लागला की कोट पेटीत. वर्षाचं उत्पन्न मोजक्या मुहूर्तांवर. एका रात्रीत दोन-दोन वरघोडे, म्हणजे मिरवणुका. उन्हात जाड कोट, पायांत कडक बूट, तोंडाशी गरम पितळ. समोर पिऊन नाचणारी पोरं, कुणी बाज्याच्या तोंडात नोट कोंबतो, कुणी खांद्यावर हात टाकून म्हणतो हेच परत वाजव. माझ्या वडिलांचा पुढचा दात अशाच धक्क्याने गेला, कोपर लागलं आणि माउथपीस आत घुसला. दात गेला म्हणजे वाजवणं गेलं. तिथे मी माझ्या बहिणीला उभं केलं नसतं. हा बायकांच्या दमाचा प्रश्न नाही, रस्त्याचा आहे.

काळी_पाच

मांडवीकरदादा, राग कसला. वडिलांच्या दाताचं वाचून हात थांबला. तुम्ही म्हणता तो रस्ता मी पाहिलाय. आणि म्हणूनच विचारते, त्या वरघोड्यात बायका नव्हत्या का?

होत्या. दोन्ही बाजूंना रांगेने, डोक्यावर लाइट घेऊन. चुंबळीवर लाइटचं झुंबर, एका हाताने धरलेलं, मागून वायर जनरेटरच्या गाडीला. रात्री अकराला, त्याच पिऊन नाचणाऱ्यांच्या शेजारून, अनवाणी नाहीतर रबरी चपलेत, कधी कडेवर मूल. पुढची चालली की मागचीला चालावंच लागतं, वायर एकच असते. त्यांच्यासाठी रस्ता वाईट आहे म्हणून कुणी त्यांना घरी बसवलं नाही. बाजा हातात द्यायची वेळ आली की मात्र तो रस्ता आठवतो.

हे मी तुम्हाला बोलत नाहीये दादा, मलाही हे फार उशिरा दिसलं. २०११ च्या डिसेंबरात आमच्या सोसायटीतल्या लग्नात मी गॅलरीतून बघत होते. लाइटच्या रांगेत एक दहा-अकरा वर्षांची मुलगी होती आणि तिचे ओठ हलत होते. मला वाटलं गाणं म्हणतेय. खाली जाऊन जवळून पाहिलं तर ती युफोनियमवाल्याच्या बरोबरीने श्वास घेत होती. जिथे तो घेई तिथे ती घेई. सगळी चाल तिला पाठ होती. पुढचे दोन महिने तिच्या आईच्या मागे लागले. शेवटी आई म्हणाली, संध्याकाळचा चहा-नाश्ता देणार असाल तर पाठवते. ती मुलगी आज चोवीसची आहे, आमच्या बँडची पहिली युफोनियम. मी नसले की तालीम तीच घेते.

मांडवीकर

यावर मला काही म्हणायचं नाही. लाइटवाल्या बायकांचे पैसे आजोबा सगळ्यात शेवटी द्यायचे, ते मी पाहिलंय.

आजोबांचा एक कॉर्नेट घरी आहे. व्हॉल्व्ह, म्हणजे दाबायची बटणं, जाम आहेत. उपयोगाचा असेल तर घेऊन येतो.

काळी_पाच

नक्की आणा. एकच विनंती, आणण्याआधी चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका! लॅकर (पितळेवरचा पारदर्शक थर) असेल तर निघून जाईल, आणि पावडरीचा कण व्हॉल्व्हमध्ये गेला तर ओरखडा कायमचा. नळीवर गुलाबी ठिपके दिसतात का तेवढं बघून ठेवा. पितळेतलं जस्त निघून गेलं की नुसतं तांबं उरतं, त्याचा तो रंग. तिथे नळी आतून पोखरलेली असते. जाम व्हॉल्व्हला जोर लावू नका, मी काढते.

लश्करवाला

ग्वाल्हेरहून नमस्कार. आमच्याकडे १९१८ साली भातखंड्यांच्या मदतीने माधव संगीत महाविद्यालय उभं राहिलं, आणि तुमच्या बडोद्यात तर त्याच्या कितीतरी आधी, १८८६ मध्ये मौलाबक्षांची गायनशाळा. तेव्हा मनात शंका येते, बँडमध्ये राग कसा बसणार? खटके ठीक, पण मींड कुठून आणणार? आणि तुमच्या नावाचा अर्थ काय?

काळी_पाच

नावापासून सुरू करते, त्यातच निम्मं उत्तर आहे.

कॉर्नेटवर एकही बटण न दाबता जो सा निघतो तो पेटीवरची (हार्मोनियमवरची) काळी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी, असतो. बँडच्या कागदावर तो "सी" म्हणून लिहिलेला असतो, पण कानाला काळी पाच. टेनर हॉर्नवर तोच लिहिलेला "सी" वाजवला की काळी दोन ऐकू येते. इंग्लंडच्या ब्रासबँडमध्ये बास ट्रॉम्बोन सोडून सगळ्या पितळी वाद्यांचं लिखाण असंच असतं: कागदावर तीच खूण, बोटं तीच, आवाज वाद्याप्रमाणे वेगळा. म्हणजे कॉर्नेट शिकलेली मुलगी उद्या टेनर हॉर्नवर, परवा ट्यूबावर बसू शकते, नवीन लिपी शिकावी लागत नाही. मी तशीच बसले आहे, सगळ्या खुर्च्यांवर. बटणांचंही असंच सोपं आहे. मधलं दाबलं की अर्धा सूर खाली, पहिलं दाबलं की पूर्ण, तिसरं दाबलं की दीड. ही बटणं १८१८ च्या सुमारास जर्मनीत आली. त्याआधी बिगुलसारखे मोजकेच सूर सहज निघायचे, राग तर दूरच.

मींडेसाठी ट्रॉम्बोन. त्याला बटणंच नाहीत, सरकती नळी आहे, एका सुरावरून दुसऱ्यावर सलग जाता येतं. भूपात गंधारावरून षड्जावर उतरताना मी ट्रॉम्बोनला पुढे काढते, बाकीच्यांना धरून ठेवते. कॉर्नेटवर बटण अर्धं दाबून थोडी मींड निघते, पण आवाज घुसमटतो, करुण जागेलाच शोभतो. तानांचं मात्र मी टाळते. आठ कॉर्नेट एकत्र तान घेतात तेव्हा ती कवायत होते.

दोन_वेण्या

मीच ती आई, जिने विचारलं होतं. प्रतिसाद वाचून गप्प बसले होते, आज धीर आला. काकू, मुलीला पुढच्या महिन्यात दातांना तार बसणार आहे. थांबू का? ट्रम्पेट घ्यावा की कॉर्नेट? आणि तुम्ही बाळंतपणात काय केलंत, हे विचारलं तर चालेल ना? सासूबाई आत्ताच "पुढे संसारात काय करणार" म्हणतात.

काळी_पाच

विचारा की, कुणीच विचारत नाही ते.

थांबू नका. तार बसल्यावर चार-सहा आठवडे सूर बिघडतो, ओठ आतून सोलतात. दंतवैद्य मेण देतात, ते तारेवर लावायचं. माउथपीस ओठांवर दाबून उंच सूर काढायची सवय तारेमुळे आपोआप सुटते, कारण दुखतं. मी तर म्हणते चांगला गुरू मिळाला. कॉर्नेट घ्या. नळी तेवढीच लांब असते पण जास्त गुंडाळलेली, वजन अंगाजवळ राहतं, मनगट दुखत नाही. सुरुवातीला पंधरा मिनिटं सकाळी, पंधरा संध्याकाळी. सलग तासभर नको.

बाळंतपण. मी सातव्या महिन्यापर्यंत वाजवलं, डॉक्टरांना विचारून. शेवटी शेवटी श्वास वर चढतो, लांब ओळी तोडून घ्याव्या लागतात. सिझेरियन झालं. त्यानंतर तीन महिने वाद्य हातात घेतलं नाही, पोटाचा आधार नसताना फुंकलं तर टाक्यांवर येतं. चौथ्या महिन्यात परत माउथपीसपासून सुरुवात केली, न्हाणीघरातच. सासूबाई बाळाला घेऊन दाराबाहेर बसायच्या. बाळाला तो आवाज ऐकून झोप लागायची म्हणून त्या स्वतःच म्हणायला लागल्या, "जा गं, वाजव."

रामबाग_इंदूर

आणि बॅटन, म्हणजे बँड चालवायची छडी, हातात कधी आली? शीर्षकात आहे, अजून आली नाही.

काळी_पाच

येते तिथेच.

१९९८ मध्ये यजमानांची बदली इंग्लंडमधल्या लेस्टरला झाली. बडोद्याहून तिकडे जाणाऱ्यांना तिथे परकं वाटत नाही, भाजीवालासुद्धा गुजरातीत भाव सांगतो. तिथून जवळच्या एका गावात ब्रासबँड होता. शिंपी, शिक्षक, ड्रायव्हर, परिचारिका, सगळे दिवसभर काम करून मंगळवारी-शुक्रवारी जमायचे. पंचवीस पितळी वाद्यं आणि तालवाद्यं: दहा कॉर्नेट, एक फ्लुगलहॉर्न, तीन टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन, दोन युफोनियम, तीन ट्रॉम्बोन, चार बास. मला तिसऱ्या कॉर्नेटची शेवटची खुर्ची मिळाली.

पहिल्या स्पर्धेला गेले तेव्हा सभागृहाच्या मधोमध चारी बाजूंनी झाकलेली एक खोली दिसली. विचारलं तर म्हणाले, परीक्षक आत बसतात. कुठला बँड वाजवतोय, कोण वाजवतंय, त्यांना काही दिसत नाही. फक्त ऐकू येतं. मी थांबून बघतच राहिले. १९९१ साली मला एवढाच एक पडदा हवा होता. आमच्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंनी बायकांचा पडदा जावा म्हणून आयुष्यभर खटपट केली, १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. आणि इथे परीक्षकांवर पडदा घातला की बाई मोकळी होते. तीन वर्षांत मी पहिल्या कॉर्नेटपर्यंत आले आणि लहान मुलांचा बँड चालवायला मिळाला. पहिली बॅटन तिथली.

परत आल्यावर बडोद्यात शाळांचे बँड घेतले. २००९ मध्ये मोठ्यांचा एक बँड उभा करायचं ठरलं. पहिल्या तालमीला सतरा जण, पंधरा पुरुष. काही लग्नाच्या बँडमधले, काही निवृत्त फौजी. मी हात वर केला, कुणी मान वर केली नाही. एक ट्रॉम्बोनवाले काका तर खिडकीकडे बघून वाजवत होते. मी आवाज चढवला नाही. वाजवून घेतलं. दुसऱ्या बॅरिटोनचा सूर एका जागी अर्धा उतरत होता, शेजारचे त्याला "कान नाही तुला" म्हणत होते. परत तेवढंच वाजवून घेतलं, परत तसंच. कान खराब असता तर चूक दर वेळी थोडी वेगळी आली असती. नेमका अर्धा सूर म्हणजे मधलं बटण. मी खाली उतरले, त्याचं वाद्य मागितलं, मधल्या व्हॉल्व्हची टोपी फिरवून तो बाहेर काढला. स्प्रिंगवर जुन्या तेलाचा राखाडी चिखल बसला होता, व्हॉल्व्ह खालीच अडकत होता. साडीच्या पदराने पुसला, तेलाचे तीन थेंब घातले, बसवला. "आता वाजव." सूर लागला. वर आले, हात उचलला, आणि सतरा माना वर झाल्या.

त्या दिवसापासून माझ्या पर्समध्ये व्हॉल्व्ह ऑइलची बाटली असते.

बॅटनबद्दल लोकांना वाटतं ताल दाखवणं म्हणजे सगळं. ताल ड्रमवाला देतोच. कंडक्टरचं काम समेच्या आधी असतं. फुंकणाऱ्याला सूर लावण्याआधी श्वास घ्यायचा असतो, आणि पंचवीस जणांनी तो एकदमच घ्यायचा असतो. म्हणून हात वर जाताना मी स्वतः श्वास घेते, दिसेल असा. मी उथळ घेतला की बँड उथळ लागतो. डावा हात आवाजाचा, कुणाला पुढे घ्यायचं, कुणाला दाबायचं. आणि समोर सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेल्या असतात, त्यांतल्या कुठल्या ओळीत दम मोडतो ते मला माहीत आहे, कारण ती मी वाजवलेली असते.

हिवाळ्याचं एक सांगते. सव्वीस जानेवारी, सकाळी साडेसात, थंडी. पितळेची नळी गार असली की आतली हवा गार, आणि गार हवेत सूर उतरतो. एका अंशाला साधारण अर्ध्या सुराचा तेहतिसावा भाग. दहा-बारा अंशांचा फरक पडला की अर्ध्या सुराचा तिसरा हिस्सा गेला, कान झोंबतो. म्हणून झेंड्याआधी दहा मिनिटं आम्ही सगळे रांगेत उभे राहून वाद्यात नुसता उबदार श्वास सोडत असतो, आवाज न करता. मैदानावर चोवीस जण पितळेला ऊब देताहेत आणि एक शब्द नाही. मला तो वेळ वाजवण्याइतकाच आवडतो. मग सूर जुळवायचा, आधी जुळवून उपयोग नाही.

आज चोवीसात अकरा बायका आहेत. कार्तिकीला विठ्ठलाच्या वरघोड्यात लोक थांबून आधी बायका मोजायचे, आता चाल ऐकतात.

छातीचा_डॉक्टर

तुमच्या तालमीला बाहेरच्यांना बसता येतं का?

काळी_पाच

या ना. शनिवारी साडेपाच. पत्ता निरोपात कळवते. मांडवीकरदादा, तुम्हीही कॉर्नेट घेऊन त्याच वेळी या.

मांडवीकर

आलो होतो, इथे सांगायचं राहिलं. व्हॉल्व्ह सुटले, नळी शाबूत आहे. ताईंनी आधी वडिलांना विचारायला लावलं. वडील म्हणाले, वाजू दे. ते पुढच्या शनिवारी स्वतः येणार आहेत, ऐकायला.

दोन_वेण्या

काकू, मांडवीकरकाकांचा तो कॉर्नेट तुम्ही लेकीच्या हातात दिलात तेव्हा मला काही बोलताच आलं नाही. काका, तुम्हाला आणि आजोबांना नमस्कार.

पाच दिवस नुसता माउथपीस चालला होता. आज वाद्याला लावला. पहिल्यांदा काहीच नाही, मग एकदम लांब, सरळ सूर आला आणि तीच दचकली. मी हार्मोनियम उघडून तो सूर शोधला. काळी पाच नव्हती, पांढरी चार होती. काही चुकतंय का?

काळी_पाच

काही चुकत नाहीये. काळी पाचला सा धरला की पांढरी चार म्हणजे पंचम. बटण न दाबता सा आणि त्याच्या वरचा पंचम दोन्ही त्याच नळीतून निघतात, फक्त ओठ जरा घट्ट. पुष्कळांचा पंचमच आधी लागतो, माझाही तोच लागला होता. आता ओठ किंचित सैल सोडून खालचा सा शोधायला सांगा, दोन-तीन दिवसांत सापडेल. वाजवून झाल्यावर नळीतलं पाणी काढायला विसरू नका.

शनिवारी येताना पेन्सिल आणा, पेन नको.